वाचतं कोण?

शांततेबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या की आपल्या लॅपटॉपधारी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण वाचतं कोण?" विचारणारा माणूस वाईट नसतो हो. दिवसभर तो डॅशबोर्डसमोर बसलेला असतो. महिन्याला किती युजर आले, किती टिकले, किती गळाले यावर त्याचं अप्रेझल ठरतं. मग शनिवारी सकाळी त्याला दुसरा कुठला प्रश्न सुचणार? मीही त्याच धंद्यात आहे, त्यामुळे ही सवय कुठून येते ते मला चांगलं ठाऊक आहे. पण सवय वेगळी आणि युक्तिवाद वेगळा. "वर्षभर लिहिलं, वाचक मूठभर, म्हणजे फुकट गेलं" हे जेव्हा युक्तिवाद म्हणून तोंडावर फेकलं जातं, तेव्हा ते तपासायला हवं. आणि तपासलं की ते टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे.

तपासायला फार लांब जायला नको. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा.

विरार लोकलच्या दाराशी रोज लटकणाऱ्या मंडळींपैकी किती जणांना माहीत आहे कोण जाणे, पण हे सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, एके काळचं मोठं बंदर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने इथे दगडावर आपले लेख कोरून घेतले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला बुरुड राजाचा कोट खणला, तो निघाला बौद्ध स्तूप. त्याच साली भाटेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. मग थेट १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा तुकडा मिळाला. चौदाच्या चौदा लेख इथे असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. हाती आले दोन, तेही फुटके. बाकीचे कुणाच्या जोत्यात नाहीतर विहिरीच्या कठड्यात गेले असतील, देव जाणे.

आता त्यात लिहिलंय काय? आठव्यात म्हटलंय की पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या सहलींना जात. मी राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून माझ्या यात्रांचं स्वरूप बदललं: ब्राह्मण-श्रमणांना भेटायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना मदत करायची, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलायचं. नववा तर आणखी मजेदार आहे. लोक आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडं. त्यापेक्षा नोकर-दासांशी नीट वागा, वडीलधाऱ्यांचा मान राखा, प्राण्यांच्या बाबतीत हात आवरा, हाच खरा मंगल विधी. बावीसशे वर्षांपूर्वीचा मजकूर आहे हा. "नोकरांशी नीट वागा" ही ओळ आजही आमच्या कॉम्प्लेक्सच्या लिफ्टमध्ये लावली तर अर्ध्या सोसायटीला झोंबेल. असो.

तर मुद्दा वाचकांचा. ब्राह्मी लिपी हळूहळू बदलत गेली आणि तिचं ते जुनं रूप लोक पार विसरले. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीला आणवले, तेव्हा त्यावरचं एक अक्षर लावणारा माणूस मिळाला नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती लिपी लावली. म्हणजे मधली कित्येक शतकं वाचक शून्य. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल जागेवर होती, डिकोडर हरवला होता. त्या काळात कोणी डॅशबोर्ड लावला असता तर "प्रोजेक्ट बंद करा" असंच मत पडलं असतं आणि आकड्यांच्या हिशेबाने ते बरोबरही ठरलं असतं. आज तेच चक्र राष्ट्रध्वजावर आहे, आणि ते सारनाथच्या अशोकाच्याच खांबावरून घेतलेलं आहे.

"अहो पण तो सम्राट होता," असं कोणी तरी म्हणणारच. बरोबर आहे. पण सम्राटाला स्वतःला वाचकांबद्दल काय वाटत होतं ते बघा. ओडिशात धौली आणि जौगड इथे त्याने अधिकाऱ्यांसाठी वेगळे लेख कोरून घेतले आहेत. त्यात तो सांगतो, हा लेख दर तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवा, आणि मधल्या काळातही प्रसंगी ऐकवा, मग ऐकणारा एकच माणूस का असेना. अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत ज्याची सत्ता, तो ऑडियन्सची किमान संख्या किती धरतो? एक. आपण मात्र शंभर लाइक नाही पडले तर पोस्ट उडवून टाकतो.

अर्थात अशोकाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. कलिंगात लाखभर माणसं मेली, दीड लाख लोकांना पकडून नेलं, याचा पश्चात्ताप त्याने तेराव्या लेखात केला आहे. आणि खुद्द कलिंगात, म्हणजे धौली-जौगडलाच, तो तेरावा लेख वगळलेला आहे! ज्यांची माणसं मारली त्यांच्या डोळ्यांपुढे पश्चात्ताप नको, बाकी देशाला सांगू, असा हा प्रकार. शांततेवर लिहिणाऱ्यांची ही खोड इतकी जुनी आहे. आपल्या अंगणातलं सोडून जगभराच्या युद्धांवर हळहळायचं. ज्याला टीका करायची आहे त्याने इथे करावी, मी बरोबर येतो. पण टीका "काय लिहिलं नाही" यावर हवी. "किती जणांनी वाचलं" यावर नको.

आता दुसऱ्या बाजूचे वाचक मोजू. कारण शांततेच्या मजकुराला वाचक नाहीत, पण अफवेला मात्र ते तोटा नसल्यासारखे मिळतात.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवड्याचा बाजार. सोलापूरकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज आणि व्हिडिओ आधीच फिरत होते. त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला असं म्हणतात आणि जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. मेसेज वाचणारे किती होते? भरपूर. रीच उत्तम. एंगेजमेंटबद्दल तर बोलायलाच नको.

मग आपला पालघर जिल्हा. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनचे दिवस. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर सुरतेकडे जाताना अडवले गेले आणि पोलिसांदेखत मारले गेले. इथेही तीच अफवा: चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत, किडन्या काढणारे आलेत. त्याच आठवड्यात त्याच भागात मदत घेऊन गेलेल्या एका डॉक्टरच्या गाडीवर जमाव चालून गेला होता. आमच्याकडे सर्व्हर पडायच्या आधी लॉगमध्ये वॉर्निंग येते तशी ती वॉर्निंग होती. ती कुणी वाचली नाही. वाचक नव्हते ना!

पण खरी कमाल पुढे आहे. त्या रात्रीच्या व्हिडिओत कुणी तरी "ओए बस, ओए बस" असं ओरडत होतं. म्हणजे पुरे, थांबा. देशभरात तो व्हिडिओ फिरला तो मात्र एका मुसलमान नावाची हाक म्हणून! फॅक्ट चेक करणाऱ्यांनी ध्वनी तपासून सांगितलं, तोवर मूळ व्हिडिओ केव्हाच पुढे गेला होता. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर करावं लागलं की अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही. थांबा म्हणणाऱ्या माणसाचा शब्दसुद्धा दंगलीचा माल म्हणून वापरला गेला. वाचकसंख्येचं इतकं मोठं यश दुसरं दाखवा मला.

म्हणून मला "वाचतं कोण" हा प्रश्न डोक्यात जातो. तो प्रश्न दोन्ही मजकुरांना एकाच तराजूत घालतो. अफवेचं काम पसरण्यानेच होतं, ती पसरली नाही तर ती मेली. शांततेच्या मजकुराचं काम वेगळं असतं. जमावातल्या एका माणसाला योग्य क्षणी "थांबा, हे खोटं आहे, मी वाचलंय" असं म्हणता आलं पाहिजे. त्याला हजार वाचक लागत नाहीत, पण गडचिंचल्याला त्या रात्री तो एक लागतच होता.

आमच्या धंद्यातली गंमत अशी की हे आम्हाला कळायला हवं होतं. वायटूके आठवतंय? १९९८-९९ मध्ये हजारो भारतीय पोरं जुन्या कोबोल प्रोग्राममधल्या दोन आकडी तारखा शोधत रात्री जागली. १ जानेवारी २००० उजाडला, विमानं पडली नाहीत, बँका बुडल्या नाहीत, आणि लगेच लोक म्हणायला लागले, "बघा, उगाच बाऊ केला होता." जे झालं नाही त्याचा आलेख काढता येत नाही. आजही जो इंजिनियर रात्री तीनला उठून पडलेला सर्व्हर उभा करतो त्याला मेलवर टाळ्या मिळतात. ज्याने तो पडूच दिला नाही, त्याला "तुझ्याकडे सध्या काम कमी दिसतंय" असं ऐकावं लागतं. शांततेचं खातं अगदी असंच चालतं.

व्हॉट्सअॅपने काय केलं तेही बघण्यासारखं आहे. राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला, फार वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीने सांगितलं. म्हणजे धंदा ज्यांचा पसरवण्यावर, त्यांनाच शेवटी रीच कमी करावा लागला! आमच्यातल्या रेट लिमिटिंगवाल्यांना आनंद व्हायला हरकत नाही. पण तारखा नीट बघा. ही शेवटची मर्यादा आली आणि त्यानंतर दीड आठवड्याच्या आतच गडचिंचले घडलं. पाड्यावर अफवा तोंडोतोंडी फिरते, तिथे कुठलं लिमिट लावणार? कोडने अफवेचा वेग कमी होतो. तिच्या जागी खरं सांगणारा माणूस कोडने तयार होत नाही.

तो कसा तयार होतो याचं उदाहरण वसई रोडहून दिव्याच्या गाडीत बसलं की वाटेत लागतं. भिवंडी. १९७० मध्ये तिथे भीषण दंगल झाली, न्यायमूर्ती मादन आयोग बसला, जाडजूड अहवाल आला. १९८४ मध्ये पुन्हा दंगल. म्हणजे अहवाल होता, वाचणारे नव्हते (हे तुमच्या बाजूचं उदाहरण, घ्या). १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. नुसती सणापूर्वी चहा-बिस्किटांची शांतता समिती नव्हे हो! ती सगळ्याच पोलीस ठाण्यांत असते आणि तिच्यात तेच ते दहा पुढारी असतात. इथे गल्लीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान, बीटच्या पोलिसासोबत नियमाने बसायची. नळ, गटार, भाडं, पोरांची भांडणं असले विषय. कंटाळवाणं काम. कुठल्या पेपरने पहिल्या पानावर छापलं असतं? मग ६ डिसेंबर १९९२ आला. मुंबईत डिसेंबर-जानेवारी मिळून ९०० माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. आणि जिथे दंगल होणार असं सगळे धरून चालले होते ती भिवंडी शांत राहिली.

चार वर्षं गटारावर चर्चा करणाऱ्या त्या बैठकांना "अटेंडन्स किती?" असं विचारणारा कोणी तरी नक्की असेल. १९९१ मध्ये त्याला काय उत्तर देणार होतात?

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. शांततेवरचं बहुतेक लिखाण वाचवत नाही. "आपण सारे एकाच ईश्वराची लेकरं" इथून सुरू होऊन "चला, प्रेमाचा दिवा लावू या" इथे संपणारे लेख, २ ऑक्टोबरचे फ्लेक्स, पिंजऱ्यातून काढून पुन्हा पिंजऱ्यातच जाणारी कबुतरं. याला वाचक नाहीत ते ठीकच आहे, नसावेतच. शांतता म्हणजे गप्प बसणं असा अर्थ लावणाऱ्यांचं तर मुळीच वाचू नये. आमच्या वसईचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते एका तहामुळे. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी इथे तह केला, कागदावर शांतता झाली, आणि पुढच्याच वर्षी इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. सही झाली म्हणजे शांतता आली असं नसतं, हे वसईकराला तरी वेगळं सांगायला नको.

पण याच वसईत दुसरं उदाहरणही आहे. ऐंशीच्या दशकाचा शेवट आठवा, नसेल आठवत तर घरात विचारा. जमिनीचे भाव चढत होते, गुंडगिरी वाढत होती, १९८९ मध्ये नालासोपारा स्टेशनच्या फलाटावर एका बिल्डरला गोळ्या घातल्या. लोक आपसातसुद्धा हळू आवाजात बोलायचे. तेव्हा 'सुवार्ता' नावाचं मासिक निघत होतं. कॅथलिक समाजाचं, मराठीतलं, राज्याच्या हिशेबात चिमुकलं. १९८३ ते २००७ त्याचे संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा करण्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभं केलं त्याचं नेतृत्व त्यांनी केलं. ते अहिंसक राहिलं. विहिरी, केळीच्या वाड्या, पाणी आणि दहशत, असे ते विषय होते. गोड गोड काही नव्हतं. हिरवी वसई किती उरली हा वेगळा वाद आहे, आणि एव्हरशाइनच्या गॅलरीत बसून मी तो उकरणार नाही. :-) पण भीतीने बंद झालेली तोंडं उघडली, आणि ती खप बघून उघडली नाहीत. पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोधाचे आणि धमक्यांचे फोन आले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

आणि खपाचा एवढाच सोस असेल तर 'साधना' घ्या. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं साप्ताहिक. गांधीजींच्या खुनाला जेमतेम साडेसहा महिने झाले होते, महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळून गेली होती, आणि हा माणूस धडपडत माणसं जोडायचं साप्ताहिक काढत होता. पुढे १९९८ पासून नरेंद्र दाभोलकर त्याचे संपादक होते. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. २०२४ मध्ये कोर्टाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. ज्या लिखाणाला "वाचतंय कोण" म्हणून तुम्ही हसता, ते लिहिणारा आणि बोलणारा माणूस कुणाला तरी इतका जड वाटत होता. मारायला आलेल्यांनी साप्ताहिकाचा खप विचारला नसावा.

'साधना' अजून निघतं. वर्गणी एका मल्टिप्लेक्सच्या रात्रीपेक्षा जास्त नसेल, बघा जमतंय का.

जाता जाता: सोपाऱ्याचा दगड बघायचा असेल तर नालासोपाऱ्यात शोधू नका. तो मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. चर्चगेटला उतरून चालत पंधरा-वीस मिनिटं. रविवारी विरार गाडीत बसायला जागाही मिळते.